पियानोखालचा दादा

चिमणी हे तिचं घरचं नाव. केस पिकले, मैफलींचे फलक गावोगाव लागले, तरी घरी ती चिमणीच. त्या दुपारी ती एकटी पियानोवर चारशे वर्षांचं संगीत वाजवणार होती, जुन्यापासून नव्यापर्यंत.

तिचा थोरला भाऊ पियानो दुरुस्त करायचा. बहिणीच्या मैफलीआधी वाद्य तपासायचं आणि मैफलीत पहिल्या रांगेत बसून खुशाल पेंगायचं, हा त्याचा शिरस्ता. पण ह्या सभागृहाचा स्वतःचा माणूस होता. त्यानं दादाला वाद्याला हातही लावू दिला नाही, म्हणून स्वारी घुश्शात होती.

सुरुवात झकास झाली. जुन्या रचना खडीसाखरेसारख्या, एकेक सूर सुटा. मग काळ पुढे सरकला, सूर लांब रेंगाळायला हवे होते. चिमणीनं पेडल दाबलं आणि खट्! पाय थेट जमिनीला टेकला. सूर उमटतो न उमटतो तोच विझू लागला.

ती थांबली. रंगमंचावर ती आजवर चकार शब्द बोलली नव्हती. आज उठून उभी राहिली.

"माफ करा, पेडल गेलं. आणि ह्यापुढच्या संगीतकार मंडळींचं त्याच्याशिवाय पान हलत नाही."

हशा पिकला. तिला एकदम हायसं वाटलं.

"दादा, जागा आहेस का?"

"आत्ताच झालो!"

दादा वर आला, कोट काढून पियानोखाली शिरला. "दांडीच तुटलीय. आज जुळायची नाही."

धावत आलेल्या सभागृहाच्या व्यवस्थापकांचा चेहरा पडला. "मग थांबवायचं का?"

"छे हो! पेडल जी आतली पट्टी उचलतं, ती मी हातानं उचलतो. चिमणे, तू नेहमीसारखा पाय हलव, मी तो बघून उचलतो."

लहानपणी तिचे पाय पेडलपर्यंत पोचत नसत. तेव्हा दादाच खाली बसून तळहातानं पेडल दाबायचा, आणि भांडण झालेलं असलं की मुद्दाम सोडून द्यायचा.

ती खाली वाकली. "मध्येच सोडणार नाहीस ना?"

"तेव्हा तू माझी सायकल मोडली होतीस!"

सुरुवातीला त्याचा हात जरा मागे पडला, सुरांचा नुसता काला झाला. मग तिनं वेग थोडा आवरला आणि दोघांचं जमलं. तिला दिसत होते फक्त त्याचे बूट. जन्मभर एकटीनं वाजवायची सवय; आज कुणासाठी तरी थांबावं लागत होतं, आणि त्यात भलतीच मजा येत होती. शेवटची रचना अगदी अलीकडची, धावती. ती संपली तेव्हा लोक उभेच राहिले.

दादाला काही उठता येईना. चिमणीनं हाताला धरून ओढलं. धुळीनं माखलेला दादा दिसताच टाळ्या दुप्पट झाल्या.

"शेवटी एवढी पळालीस कशाला? दंड भरून आले माझे!"

तेवढ्यात मागून आरोळी आली, "वन्स मोअर!"

"आता पुन्हा आडवा होणार नाही हं," दादा कुजबुजला.

"मग बस इथं." ती बाकावर सरकली. "आपलं ते चार हातांचं आठवतंय?"

"निम्मं."

"माझं निम्मं मला येतं. चल."

दादानं पहिलाच सूर चुकवला. चिमणी खो-खो हसत सुटली, आणि हसता हसताच तिनं पुढची ओळ पकडली.