थंड उतरवलेले तेल

बबनरावांनी जीपच्या इंजिनातली तेल मोजायची पट्टी बाहेर काढली, फडक्याने पुसली, पुन्हा आत घातली आणि परत काढली. तेल काळे होते. परवा सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने ओतले तेव्हा ते मधासारखे होते, आणि मधल्या दोन दिवसांत हे इंजिन एक क्षणही चालले नव्हते. चालणे शक्यच नव्हते. गाडीची बॅटरी आठ महिन्यांपासून घरात, पलंगाखाली होती.

"पुन्यांदा?" त्यांच्या पत्नीने, सिंधूबाईंनी, उंबऱ्यातूनच विचारले.

"व्हय. काळं हाय."

"म्या म्हनलं व्हतं. त्यो गाडी जाऊ देत न्हाई."

तो म्हणजे नागसेन, त्यांचा एकुलता एक मुलगा. शिरूर ते दौंड या रस्त्यावर त्याने सहा वर्षे या जीपमधून प्रवासी वाहिले, आणि गेल्या श्रावणात नऊ दिवसांच्या काविळीने तो गेला. जीप पत्र्याखाली उभी राहिली. वरवंडचा एक गृहस्थ ती घ्यायला तयार होता. त्याला दाखवण्यापूर्वी तेल बदलावे, एवढाच बबनरावांचा हेतू होता. दोनदा बदलून झाले आणि दोन्ही वेळा ते तिसऱ्या दिवशी काळे निघाले.

बबनराव दौंडच्या रेल्वे शेडमध्ये तेहेतीस वर्षे डिझेलचे फिटर होते. कारणावाचून काही घडते, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांच्या घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, आता त्यांच्याखाली मुलाची होती. परंतु गंडा, दोरा, अंगारा या वस्तूंनी तो उंबरा कधी ओलांडला नव्हता.

शेजारच्या तुळजाबाई कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. दर मंगळवारी शिरूरला जाताना याच जीपमधली मागच्या दाराजवळची जागा त्यांची असे.

"भाऊ, गाडी कोन चालवतंय ते तुम्हास्नी सोडून समद्या गल्लीला ठावं हाय."

"टायरखाली खडूची रेघ मारलीया, वैनी. तसूभर हलली न्हाई."

"त्याला कशाला हलवाया लागती?"

बबनरावांनी वाकून टायरखालची रेघ पुन्हा पाहिली.

"शिरूरकडचा देवऋषी शनवारी येतोय," तुळजाबाई म्हणाल्या. "आमच्याकडंच उतरंल. तुम्ही निस्तं हो म्हना."

"आमच्या घरात ते चालत न्हाई."

"यू द्या त्याला," मागून सिंधूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "तुम्ही निस्तं तेल बदलताय. त्यो निदान इचारंल तरी, पोरा, काय पायजे तुला."

बबनराव पत्नीकडे पाहत राहिले. तिला नाही म्हणावे तर ती तुटेल. हो म्हणावे तर आपण जे जगलो ते खोटे ठरेल.

शुक्रवारी ते तिसऱ्यांदा जीपखाली शिरले. बोल्ट सोडला, तेल परातीत आले, धार बारीक झाली आणि थांबली. ते तिथेच पडून राहिले. दुपार इतकी निःशब्द होती की तेलाचा थेंब पडलेला ऐकू आला. मग दुसरा. पाऊण तास झाला तरी थेंब येतच होते, जणू वर कोणीतरी बसून मोजून एकेक सोडत होते.  बबनरावांनी हात उचलून तेलाच्या चेंबरला तळवा लावला.

चेंबर गार होते. आजारी नागसेनच्या पायांना शेवटच्या पहाटे त्यांनी हात लावला होता, तसे गार.

हात तसाच ठेवून ते बराच वेळ पडून राहिले. मग उठून घरात गेले.

"सिंधू, चूक माझी हाय."

"कसली?"

"तेल गरम असताना उतरवायचं असतं. गार तेल आतल्या भिंती धरून बसतं. नवं वतलं की मग हळूहळू खाली येतं, आन् समदं काळं करतं. नव्या पोरांना हेच शिकवत आलो म्या."

"मग गरम का न्हाई केलं?"

"इंजिन चालू करावं लागलं असतं."

 नागसेन असताना संध्याकाळी साडेसातला त्या इंजिनाचा आवाज वळणावर आला, की तव्यावरची भाकरी तशीच टाकून सिंधूबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येत. सहा वर्षांत तो नेम चुकला नव्हता.

"तू भायेर आली असतीस," बबनराव म्हणाले. "म्हून बॅटरी काढून ठिवली."

"आले असते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला बघून परत आत गेले असते. आनखी काय झालं असतं?" त्या वाकल्या आणि पलंगाखालची बॅटरी त्यांनी पुढे ओढली.

बॅटरी बाजारातून चार्ज होऊन यायला शनिवारची सकाळ उजाडली. बबनरावांनी बोल्ट लावून परातीतले तेल पुन्हा आत ओतले आणि ते चालकाच्या जागेवर बसले. दोनदा इंजिन नुसते कण्हले. तिसऱ्यांदा धूर टाकून सुरू झाले. तो आवाज गल्लीतून फिरत गेला. कुठे एक दार उघडले. तुळजाबाई मंगळवारच्या सवयीने हातात कापडी पिशवी घेऊन लगबगीने आल्या, मागच्या पायरीवर त्यांनी एक पाय ठेवला, आणि तेव्हा कुठे त्यांनी पुढे चालकाच्या जागेवरच्या बबनरावांना पाहिले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. हातातल्या पिशवीकडे त्यांनी असे पाहिले, की जणू ती दुसऱ्याच कोणी त्यांच्या हातात दिली होती. पाय सावकाश खाली घेऊन त्या परत गेल्या. देवऋषी त्यांच्या ओसरीवर चहा पिऊन दुपारच्या गाडीने माघारी गेला.

सिंधूबाई तांब्या घेऊन आल्या. खिडकीतून तो त्यांनी आत दिला. बबनराव पाणी प्यायले आणि त्यांनी रिकामा तांब्या परत केला. 

मग तेल गरम असतानाच उतरले, सरसर, मनगट पोळवत. नवे ओतले. दहा मिनिटे इंजिन चालवून बंद केले आणि बबनरावांनी पट्टी काढून उजेडात धरली. तेल आता बरेच स्वच्छ होते. तरी पुरते मधासारखे नव्हते. त्यात एक पातळ सावळी छटा होती.

"अजून हाय?"

"समदं कवाच उतरत न्हाई. पावशेर तरी आत ऱ्हातंच. दर टायमाला कमी व्हतं, पर ऱ्हातं."

"त्यानं वतलेलं?"

बबनरावांना अचूक बोलण्याची खोड होती. त्यांनी पट्टीवरची सावळी छटा पुन्हा निरखली. "व्हय. त्याच्यातलंच."

सिंधूबाई त्या पट्टीकडे पाहत होत्या.

"वरवंडवाल्यांना उद्या यू द्या," त्या म्हणाल्या.

बबनरावांनी पट्टी पुसण्यासाठी फडके उचलले. सिंधूबाईंनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि न पुसता, दोन्ही हातांनी, होती तिथे परत ठेवली.