पोथनचा बेडूक

“मंत्री येतील, जातील. हा बेडूक मात्र माझं नाव घेऊन कायम राहणार!” पोथन सरांनी काचेची पेटी टेबलावर ठेवली आणि तळलेल्या केळ्याच्या पळंपोरीचा मोठा घास घेतला. त्यांची विद्यार्थिनी शायनी हिनं नव्या जातीला त्यांचं नाव दिलं होतं. नव्या जातीला आपलं नाव आपणच देणं प्राणिशास्त्रज्ञांत लाजिरवाणं, कुणीतरी द्यावं लागतं. सरांनी त्यासाठी तीस वर्षं वाट पाहिली होती.

त्रिशूरच्या त्या कॉलेजात रिकामी पेटी एकच. म्हणून शिपाई कुंजुमोननं तिच्यातच जुन्या जातीची एक थोराड, हिरवी मादी ठेवली होती.

जमलेल्या विभागाच्या टाळ्या थांबायच्या आत पोथनचा बेडूक तिच्या पाठीवर चढला.

“सर, तुमचा भलताच रंगेल निघाला की!” कुंजुमोन म्हणाला.

“चुकलाय तो. नर काय, चपलेवरही चढतात.”

सकाळी पेटीतल्या पानावर अंडी होती.

“सर,” शायनी चाचरत म्हणाली, “आपल्याला याचे नुसते नरच सापडलेत. आणि तिच्या जातीच्या नुसत्या माद्या.”

“मग हे आधी दिसलं नाही तुला?”

“तुम्हीच तपासला होता ना सर, माझा लेख.”

पिल्लं धड निघाली तर दोन्ही जाती एकच. मग जुनं नाव राहणार, नवं रद्द. आणि जुनं नाव सरांनीच दिलेलं, एक्क्याण्णव साली, बढतीसाठी, विभागप्रमुख शंकुण्णी मेननच्या नावानं. बढती मेननच्या मेहुण्याला मिळाली.

“अंडी नासतातही,” सर म्हणाले आणि रोज सकाळी येऊन बघू लागले.

“नासली?”

“नाही सर.”

सातव्या दिवशी शायनी कोचीला गेलेली, कुंजुमोन रजेवर. वीज नव्हती, खोलीची भट्टी झालेली. पान सुकलं होतं, अंडी सुरकुतायला लागली होती. सर खुर्ची ओढून समोर बसले. काहीच करायचं नव्हतं, फक्त बसायचं होतं.

पाच मिनिटं बसले.

“मरा लेकांनो,” म्हणत उठले, बाटली घेतली आणि पानावर पाणी शिंपडलं. मग दर अर्ध्या तासानं, अंधार पडेपर्यंत.

दोन दिवसांनी चव्वेचाळीस अंड्यांतून चव्वेचाळीस पिल्लं निघाली. विभागात अक्षर सरांचंच चांगलं, म्हणून पिल्लांच्या बरणीवरच्या चिठ्ठीवर मेननचं नाव त्यांच्याकडूनच लिहून घेतलं.