फरशीअलीकडचा चर

जिंतूरहून चारठाण्याला जाणारा रस्ता डोळे मिटून पार करता येईल, असं कुणी म्हटलं तर ऐकणारे हसतील. सूर्यभान ड्रायव्हर मात्र हसला नसता. अकरा वर्षं तो याच रस्त्यावर एसटी हाकत होता आणि त्यातली शेवटची तीन वर्षं जवळजवळ तशीच हाकत होता.

रस्ता म्हणायचं आपलं. मागच्या बाकावर बसणाऱ्याचं डोकं टपाला लागायचं आणि पुढच्या बाकावर बसणाऱ्याचे गुडघे दांडीला. जिंतूरला उतरलेला माणूस आधी कंबर चाचपायचा, मग पिशवी. दुष्काळाच्या दोन वर्षांत अर्ध्या तालुक्यानं या रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडली. दुष्काळ सरला, माणसं आपापल्या रानात गेली, पण खडीचे ढीग तिथंच राहिले. आधीच अरुंद रस्ता, त्यात निम्मा ढिगांनी अडवलेला. समोरून ट्रक आला की कुणी मागं सरायचं यावरून दोन ड्रायव्हरांची तासभर तोंडं चालायची आणि गाडीतली माणसं तेवढ्यात एक झोप काढायची.

पहिल्या काही वर्षांत सूर्यभाननंही या रस्त्याला शिव्या घातल्या. मग एका हिवाळ्यात त्याला काच सारखी मळकी दिसायला लागली. तो फडकं ओलं करून पुसायचा, पुन्हा पुसायचा. कंडक्टर भुजंग म्हणायचा की मामांइतकी काच साऱ्या डेपोत कुणी पुसत नाही. महिना-दोन महिन्यांनी सूर्यभानला कळून चुकलं की मळ काचेवर नाही. समोरचं झाड झाडासारखं दिसत होतं, पण ते कुठलं झाड, ते कळत नव्हतं.

त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. घरी सरजाबाईला नाही, भुजंगला नाही. त्याच्या बापाची हयात दुसऱ्याच्या बांधावर गेली होती. छप्पन साली सगळ्या वस्तीनं दीक्षा घेतली त्याच वर्षी सूर्यभानला लायसन मिळालं, आणि पुढं एसटीत लागला तेव्हा वस्तीतली म्हातारी माणसं त्याचा खाकी डगला हातात घेऊन बघून गेली होती. धाकटी लेक नर्मदा परभणीला मास्तरकीचं शिकत होती. तिचं शेवटचं वर्ष होतं. सूर्यभानला नोकरीची पाच वर्षं उरली होती. पाच वर्षं रेटायची, एवढंच त्याच्या मनात होतं, आणि या विचारानंच तो रोज सकाळी दमलेला उठायचा.

मग त्यानं तो रस्ता अंगानं पाठ केला. लागोपाठ तीन दणके आणि मग उतार, म्हणजे माळावरचं वळण. डावं चाक बसलं आणि उजवं उचललं, म्हणजे निंबाखालचा थांबा आला. दोन खड्डे जोडीनं लागले की ब्रेकवर पाय ठेवायचा, कारण पुढं नाल्यावरची फरशी. या फरशीला कठडा नव्हता. एक गाडी जेमतेम मावायची आणि खाली दोन पुरुष खोल नाला होता. गाडी तो सावकाश चालवायचा. लोक म्हणायचे, सूर्यभानची गाडी म्हणजे पोटच्या पोरासारखी सांभाळून नेतो माणसं. हे कौतुक कानावर आलं की त्याला घास गिळवत नसे.

आणि मग, इतकी वर्षं अर्ज करकरून थकल्यावर, लोकांना डांबर मिळालं.

दोन महिने रोलर फिरला. डांबराची पिंपं उकळत राहिली, बाया पायाला गोणपाट बांधून घमेली वाहत राहिल्या आणि एसटी शेजारच्या रानातून, मातीच्या कच्च्या वाटेनं बैलगाडीच्या चालीनं जात राहिली. धुळीनं सगळ्यांच्या नाकी नऊ आले. दसऱ्यानंतर रस्ता खुला झाला. गावानं नारळ फोडला, पेढे वाटले. पहिल्याच फेरीला एक म्हातारा म्हणाला की पोटातलं पाणी हललं नाही बाबा, आता मरायला हरकत नाही. सगळी गाडी हसली.

सूर्यभानला मात्र धाप लागली होती. बुडाखालची सीट काही बोलत नव्हती. वळण कधी गेलं, निंब कधी गेला, त्याला कळलं नाही. चाकांचा आवाज पोकळ झाला तेव्हा त्याला कळलं की आपण फरशीवर आहोत. ब्रेक न लावता, कडेपासून किती अंतरावर ते न कळता. पलीकडं गेल्यावर त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

दुसऱ्या दिवशी चारठाण्याहून निघाल्यावर मात्र फरशीच्या अलीकडे गाडीला एक दणका बसला. हातभर रुंदीचा आडवा चर होता तो. रस्त्याखालून पाण्याची नळी टाकायला आदल्या रात्री नवा रस्ता आडवा फोडला होता आणि वरची पट्टी डांबराविना राहून गेली होती. परमुलखात गावचा माणूस भेटावा तसं सूर्यभानला झालं. दणका बसताच त्यानं ब्रेक दाबला, गाडी हळू केली आणि फरशी नीट ओलांडली. सबंध नव्या रस्त्यात त्याच्या ओळखीचं एवढंच उरलं होतं.

तो चर बुजवायचं काम धोंडीबाकडे होतं. धोंडीबा सरकारचा मैलकुली. आपल्या वाट्याच्या दोन-तीन मैलांतले खड्डे मुरूम टाकून बुजवायचे, बाजूची झाडं राखायची, हे त्याचं काम. घरी मेंढरं होती, ती बायको बघायची. त्याची आणि सूर्यभानची तंबाखूची दोस्ती जुनी. तिसऱ्या दिवशी धोंडीबा चरात मुरूम टाकताना भुजंगला दिसला आणि त्यानं ते बोलून दाखवलं. सूर्यभाननं रेडिएटरमध्ये पाणी घालायचं निमित्त करून गाडी थांबवली आणि तो खाली उतरला.

"धोंडीबा, एवढा चर राहू दे."

धोंडीबाला वाटलं, थट्टा करायलाय. "साऱ्या मुलखाला खड्डे बुजवून पायजेत, आन् तुला एकट्याला ठेवून पायजे?"

"नव्या रस्त्यावर गाड्या लय पळायल्यात. फरशीला कठडा न्हाई. चर असला की हळू व्हतील."

हे काही सगळंच खोटं नव्हतं. धोंडीबानं नेहमीसारखी चुन्याची डबी पुढं केली. सूर्यभानचा हात डबीच्या वीतभर बाजूला गेला आणि तिथंच चाचपत राहिला. धोंडीबा बराच वेळ त्या हाताकडे बघत होता. मग त्यानं डबी त्याच्या तळहातावर ठेवली आणि टाकलेला मुरूम फावड्यानं परत ओढून घेतला.

इतरांना चर दिसावा म्हणून त्यानं दोन्ही बाजूंना चुना फासलेले दगड मांडले. वरचे साहेब विचारतील तेव्हा विचारतील, तोवर आपण गप्प, असं त्यानं ठरवलं. दोस्ताचं काम होतं. दोघांनाही यात कुणाचं वाईट होईल असं वाटलं नाही. महिनाभर सूर्यभान रोज सकाळ-संध्याकाळ त्या दणक्याची वाट बघत गाडी हाकत राहिला आणि दणका बसला की श्वास सोडत राहिला.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी चारठाण्याहून गाडी निघाली. पस्तीस-चाळीस माणसं, कोथिंबिरीच्या जुड्या, एक शिवणयंत्र. अंगावर कोवळं ऊन पडलं होतं आणि निम्मी गाडी पेंगत होती. सूर्यभान मनात अंतर मोजत होता. फरशी आता जवळ आली असेल, दणका आता बसेल, असं त्याला वाटत होतं.

समोर काहीतरी तांबडं हललं. कुणीतरी हात करायलाय, त्याला वाटलं. इथं थांबा नाही, निंबाखाली जाऊन उभं राहायचं सोडून हे लोक मधेच हात करतात, या विचारानं तो वैतागला. मागून घंटी वाजली. पुन्हा वाजली. मग भुजंगची शिट्टी कानात घुसली आणि त्याच्या मागोमाग आवाज आला, "मामा, ब्रेक. ब्रेक लावा."

सूर्यभान दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिला. माणसं पुढच्या बाकांवर आदळली, शिवणयंत्र घसरत दारापर्यंत आलं आणि गाडी थांबली.

दणका बसला नव्हता. म्हणजे चर अजून पुढं होता. त्यानं डोळे ताणून बघितलं. रस्त्यावर काहीतरी पांढरं पडलं होतं. पोतं असावं. तो उतरून चालत गेला. गाडीच्या तोंडापासून चार पावलांवर ते पोतं कण्हलं.

ती मनकर्णाबाई होती, पिठाच्या गिरणीवरच्या बन्सीधरची आई. लेकाच्या सायकलवर मागं बसून लेकीच्या गावाला निघाली होती. गुरांनी चुन्याचे दगड कधीच लाथाडले होते. सायकलचं पुढचं चाक चरात गेलं आणि म्हातारी पलीकडं फेकली गेली. मांडीचं हाड मोडलं होतं, तिला हलवता येत नव्हतं. धोंडीबा डोक्याचा तांबडा पटका सोडून गाडीच्या दिशेनं पळत सुटला होता. तेच ते तांबडं. आता तो पटका हातात तसाच धरून उभा होता.

बन्सीधरच्या कोपरातून रक्त येत होतं आणि तो सूर्यभानलाच हात जोडत होता. "चूक माझीच हाय, डायव्हरसाब. नवा रस्ता हाय म्हणून ब्रेकच धरला न्हाई म्या." हे तो तीन-तीनदा सांगत राहिला. त्याच्या तोंडाकडं बघायची सूर्यभानला हिंमत झाली नाही. भुजंगची शिट्टी क्षणभर उशिरा वाजली असती तर काय झालं असतं, हे त्याला अगदी लख्ख दिसत होतं. तीन वर्षांत इतकं लख्ख त्याला काहीच दिसलं नव्हतं.

"धोंडीबा," तो म्हणाला, "चर बुजव."

"बुजवतो," धोंडीबा म्हणाला. त्याचा आवाज रडका झाला होता.

गाडीतली माणसं खाली उतरून घोळका करून उभी होती. गाडी बिघडली का, असं कुणीतरी विचारलं. भुजंग काहीतरी बोलणार, तेवढ्यात सूर्यभानच बोलला.

"गाडी चांगली हाय. मला दिसत न्हाई. तीन साल झाले."

शिव्या बसल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. एका बाईनं कडेवरचं मूल उगाच छातीशी ओढून घेतलं, तेवढंच.

म्हातारीला जिंतूरच्या दवाखान्यात न्यायला दुसरं वाहन नव्हतं आणि गाडी हाकणारा दुसरा माणूसही नव्हता. भुजंगनं सगळ्यांना खाली ठेवलं, मागच्या गाडीनं या म्हणाला. गोधडीत घेऊन चौघांनी मनकर्णाबाईला आत निजवलं, बन्सीधर उशाशी बसला. मग भुजंग ड्रायव्हरच्या मागच्या जाळीला धरून उभा राहिला.

"तुमी हाका, मामा. मी बोलतो."

आणि तो बोलत राहिला. आता फरशी, सरळ घ्या, असंच. डाव्या अंगाला बैलगाडी हाय, जरा उजवीकडं. सायकलवाला येतोय, जाऊ द्या त्याला. पुढं मोकळं हाय. बैलाच्या चालीनं गाडी जिंतूरला निघाली. मागं म्हातारी कण्हत होती आणि तिच्या प्रत्येक कण्हण्यासरशी सूर्यभान गाडी आणखी हळू करत होता. तरीही तीन वर्षांत पहिल्यांदा त्याचे खांदे सैल पडले. कुणीतरी सांगत होतं आणि त्याला नुसतं ऐकायचं होतं.

डेपोत त्यानं स्वतः सगळं सांगितलं, चराचंही. धोंडीबानं माझ्या सांगण्यावरून केलं, हेही सांगितलं. साहेबांनी आधी सगळं लिहून घेतलं. मग डोळे तपासायला परभणीला जा म्हणाले, पुढं काय ते नंतर बघू, आजपासून गाडीवर चढायचं नाही. सूर्यभाननं बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

सांजच्या गाडीनं तो प्रवासी म्हणून चारठाण्याला घरी निघाला. त्याला खिडकीची जागा दिली, ती त्यानं दुसऱ्याला दिली. मांडीवर हात ठेवून तो बसून राहिला. चाकांचा आवाज पोकळ झाला तेव्हा त्यानं ओळखलं, फरशी. आता ती ओलांडली की पलीकडं दणका. त्याचा उजवा पाय आपोआप फळीवर दाबला गेला. दणका बसला नाही. गाडी गुळगुळीत पुढं निघून गेली, पाय मात्र बराच वेळ तसाच दाबलेला राहिला.

घरी त्यानं सरजाबाईला सगळं सांगितलं. नोकरीचं काय होईल ठाऊक नाही म्हणाला, मनकर्णाबाईचा पाय धड होईल की नाही ठाऊक नाही म्हणाला. सरजाबाई चुलीपुढं बसून ऐकत होती.

"मला ठाव व्हतं," ती म्हणाली. "दोन साल झाले, ताटातली भाकर तुमी हातानं हुडकता. रोज सांजच्याला गाडीचा आवाज येईस्तोवर म्या चूल पेटवत न्हवते."

"मंग बोलली कामून न्हाईस?"

"नर्मदीचं शिक्षण व्हतं ना. तुमी बोलत न्हवता, मंग मी बी बोलले न्हाई."

रस्त्यावरून एक ट्रक गेला, नव्या डांबरावर न अडखळता. सरजाबाईनं ताट वाढून त्याच्यापुढं सरकवलं आणि त्याचा हात चाचपायला लागायच्या आधीच ती सांगू लागली.

"डाव्या अंगाला भाकर हाय. वरण उजवीकडं. गरम हाय, सावकाश घ्या."