पाऊण मापाचा पलंग

नमुना-घर ही आपल्या युगाची सर्वांत प्रामाणिक वास्तू होय: तिथे कोणी राहत नाही, आणि कोणी राहावे अशी तिची अपेक्षाही नाही. सहाव्या मजल्यावरच्या त्या घरात आतल्या खोल्यांना दारेच नव्हती, फक्त चौकटी. दारे उघडायला जागा लागते. भिंती ढगांच्या रंगाच्या होत्या आणि उजेड असा मुरलेला होता, की चालणाऱ्याची सावली पडत नसे.

त्या उजेडात सुतार तरंगल्यासारखा फिरत होता. मागे बायको, तिच्यामागे मेहुणा. खाली कचेरीत करारनामा तयार होता. सही झाली की नवराबायकोची आयुष्यभराची शिल्लक त्यात विरघळणार होती.

“भावोजी, इथे राहायचंच नाहीये तुम्हाला,” मेहुणा म्हणाला. स्वतःचा दुसरा फ्लॅट झाल्यापासून तो नातेवाइकांना गुंतवणुकीची दीक्षा देत असे. “तुम्ही राहा भाड्याच्या घरात. हा भाड्याने चढवा. भाडेकरू हप्ते फेडेल. झोपल्या झोपल्या मालक!”

“मग झोपूनच बघते,” म्हणत बायको पलंगावर आडवी झाली.

सुतार चौकटीत थबकला. खोली केवढी! पलंगाच्या तिन्ही बाजूंना मोकळी जमीन पाण्यासारखी पसरली होती. तिथे कपाट, इथे तिची खुर्ची, खिडकीशी काहीच नाही, नुसती हवा.

“अहो,” बायको हसली, “माझे पाय बघा.”

ते घोट्यापासून पुढे हवेत लोंबत होते.

“हा तुमच्याच हातचा ना?”

“माझाच. पाऊण मापाचा. खोली मोठी दिसावी म्हणून.”

“आणि तुम्हालाही मोठी दिसली?”

“दिसली,” सुतार म्हणाला. जणू झोपेतून कोणी हाक मारली होती. त्याने खिशातली टेप काढून जमिनीवर ताणली. पुऱ्या मापाचा पलंग ठेवला असता भिंतीलगत आडवेच सरकत जावे लागले असते.

“ताई, झोपणार भाडेकरू, तू नाहीस!” मेहुणा कळवळला.

“का रे, भाडेकरूला पाय नसतात? मग मी काय पांगळी आहे इतकी वर्षं?”

लग्नापासून ती दोघे जमिनीवर गादी टाकून झोपत. गावभराचे पलंग करणाऱ्याने घरी एकही केला नव्हता. भाड्याच्या घरात कशाला, स्वतःचं झालं की करू. परक्या छपराखाली अंग पसरू नये, हे शास्त्र त्यांना कोणी शिकवले, ते सांगता येत नाही. शिकवणाऱ्यांची शयनगृहे मात्र प्रशस्त असतात.

सही झाली नाही. मेहुणा आठवडाभर फुगून बसला.

पुढे एका दुपारी घरमालक काका दाराशी आले, तर खोलीत लाकडाचा गोड वास आणि भुसा.

“आतच जोडतोयस? अरे, उद्या घर सोडलंस तर हे धूड दारातून निघायचं कसं?”

“नाही निघणार, काका.”

“म्हणजे मलाच अडकवलंस की!” काका हसत जिना उतरले.

बायको नव्या फळ्यांवर आडवी झाली. डोळे मिटले. पायांपलीकडे वीतभर लाकूड उरले होते, आणि भिंतीवर तिची पूर्ण मापाची सावली पडली होती.