रडारवरची रेघ

"लायसन्स लागतच नाही ना, साहेब? फ्री बँड हाय."

हे मी नोकरीत इतक्यांदा ऐकलंय की उत्तर देतानाही मन दुसरीकडे असतं. वायफायच्या लहरींना परवाना लागत नाही, खरं आहे. पण किती ताकदीनं बोलायचं आणि जवळ रडार असेल तर कुठं गप्प बसायचं, याचे नियम आहेत. ते मोडणाऱ्यांना शोधत फिरणं हे माझं काम. निवृत्तीला सात महिने उरलेत आणि मी कंटाळलोय, उगाच लपवू कशाला?

या खेपेला हवामानाच्या रडारवर एक रेघ उमटत होती, थेट समुद्रात गेलेली. तिच्याखालचा पाऊस दिसेना. ऑक्टोबरच्या उन्हात माग काढत नागावच्या पुढच्या एका कोळीवाड्यात पोचलो. टेकडीवर वायफायचा डबा सापडला आणि तो बसवणारा कमलेशही. मोबाइलची रेंज समुद्रात चारेक मैलांवर संपते. कमलेशनं टेकडीवर एक आणि बोटींवर एकेक डबा लावून फोन बारा मैलांपर्यंत पोचवला होता. त्यासाठी सेटिंगमध्ये 'देश' या रकान्यात भारत सोडून त्यानं भलताच देश निवडला होता. त्याचं नाव त्यालाही नीट घेता येईना. तिथं म्हणे ताकदीला मर्यादा नाही आणि रडारला वाटही द्यावी लागत नाही.

"यूट्यूबवर बघितलं," तो म्हणाला. सगळे तिथंच बघतात.

लॅपटॉप घेऊन तो त्याच्या काकीच्या, वेणूबाईंच्या पडवीत बसला होता. वेणूबाईंचा मुलगा प्रणय चार खलाशांना घेऊन बारा मैलांवर जाळं टाकून होता. सात वर्षांपूर्वी नवऱ्याची बोट परत आली नाही, तेव्हा या बाईला चार दिवस काहीच कळलं नव्हतं. त्यांनी मला चहा दिला.

"बोटीशी बोलायच्या वायरलेस सेटचं लायसन मागितलंय आमी," त्या म्हणाल्या. "दोन वरसं झाली. कागद तुमच्याच हापिसात हाय."

मला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून काम टळत नाही. "देश भारत कर," मी कमलेशला सांगितलं.

डबा दोन मिनिटं बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि प्रणयच्या फोनशी संपर्क तुटला. मी रडारवर बसणाऱ्या सोनलला फोन लावला. तिथलं चित्र दर दहा मिनिटांनी नवं येतं, तेवढं थांबलो.

"सर, रेघ गेली," ती म्हणाली. मग जरा अडखळली. "पण तिच्या जागी ढग आहे. चांगला दाट. किनाऱ्यापासून पंधरा मैलांवर."

वेणूबाईंना माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं. अशा वेळी काय करायचं, ते आमच्या कुठल्याच परिपत्रकात नाही.

"कमलेश, तो दुसरा देश लाव."

फोन लागला. वेणूबाई ओरडल्या नाहीत. "प्रणय, मोठा ढग येतोय. जाळं सोड आनि घरला ये."

"आये, हितं सगळीकडंच काळं झालंय. कुठल्या अंगानं येतोय त्यो? कुठं पळू?"

मी सोनलला विचारलं.

"सर, रेघ परत आली. आता काहीच दिसत नाही."

दोन्ही एकदम जमणार नव्हतं. "भारत कर," मी म्हणालो. पुन्हा वाट बघणं आलं. वेणूबाई फोन मांडीवर ठेवून समुद्राकडे पाठ करून बसल्या. सोनल म्हणाली, वायव्येकडून येतोय, खाली सरकतोय. कमलेशनं पुन्हा परदेश गाठला. "दक्षिणेला जाऊ नको, सरळ उगवतीला काठाकडं ये," वेणूबाईंनी मुलाला सांगितलं. पुन्हा भारत. ढग पसरला होता. पुन्हा परदेश. या वेळी रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही. मी त्याला भारत करायला सांगितलं, कारण ढग बघायलाच हवा होता. ती दहा मिनिटं मला फार जड गेली. वाऱ्यानं पडवीतल्या टोपल्या उडाल्या, कुणी उठलं नाही.

डबा भारतातच होता, तेवढ्यात वेणूबाईंचा फोन वाजला.

"आये, टावर धरला. किनारा दिसतोय. फोन भिजल म्हनून जेवनाच्या डब्यात ठेवला व्हता."

कमलेशनं लॅपटॉप मिटला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वेणूबाईंनी पदरानं फोन पुसला, मग माझ्याकडे वळल्या.

"आनि उद्या?"

"उद्यापासून बंद," मी म्हणालो. खोटं बोलायचीही ताकद उरली नव्हती.

मी अहवालाचा कागद काढला. चुकीच्या देशातून केलेल्या तीन प्रेषणांच्या वेळा लिहिल्या आणि ती करायला सांगणाऱ्याच्या जागी माझं नाव घातलं. लिहीत होतो तोवर वेणूबाई समोरच उभ्या होत्या, आणि माझ्याच्यानं मान वर करवली नाही.