फकीरची तार

सकाळी सव्वासातला चाँदने परळीतल्या आपल्या मोटार वाइंडिंगच्या दुकानाचे शटर वर केले, बाकावरून फडके फिरवले आणि ते स्वच्छच राहिलेले पाहून क्षणभर थांबला. पाण्यावाचून वीजकेंद्र बंद पडल्यापासून राख उडत नव्हती. विहिरी आटल्या होत्या, त्यामुळे जळालेल्या मोटारीही येत नव्हत्या. बाकावर होती ती फक्त साखर कारखान्याच्या कलापथकाची इलेक्ट्रिक गिटार; बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांपुढे वाजलेली, आता मुकी.

कामगार सोसायटीचे सचिव त्रिंबकराव आणि ती गिटार वाजवणारे राधाकिशनमामा बरोबरच आले.

"नुसती पुसून द्या, चाँदभाई," त्रिंबकराव म्हणाले. "काचेच्या कपाटात ठेवायचीय. आतली तार बी जुनीच पायजे. इतिहास हाय त्यो."

"मढं बी पुसूनच ठेवतेत," मामा म्हणाले. "मला एकदा वाजवायचीय बे, त्रिंबक. बोटं हायत तवर."

"तुमी कसं वाजवायचे, समद्यांला म्हाईत हाय, मामा."

"मलाच न्हाई राह्यलं म्हाईत."

संध्याकाळी न्यायला येतो, एवढे सांगून त्रिंबकराव निघून गेले. मामा पायरीवर बसून राहिले.

चाँदने झाकण उघडले. आवाज पकडणारी तारेची गुंडाळी आतून तुटली होती. नवी भरायची तर जुनी उलगडावी लागणार. आणि एकदा उलगडलेली तार पुन्हा तशी बसत नाही. त्याने डोळ्याला भिंग लावले. गुंडाळीच्या टोकाला लाल रेशमाची गाठ होती. दोन वेढे, मग उलटा फास. त्याला ही गाठ लहानपणी शिकवली गेली होती.

"मामा, ही आधी कुणी भरलती?"

"तुझ्या बापानं. सिरसाळ्याच्या दुष्काळी कामावर बंद पडलती. फकीरनं टेलिफोनमधली जुनी तार भरली, दुपारच्याला वाजाया लागली. कावून इचारतोस?"

चाँदने भिंग काढले. म्हणजे ही तारही पहिली नव्हती; गिटार वाजावी म्हणून बापानेही ती बदललीच होती.

"काय न्हाई. चहा घ्या."

त्याने जुनी तार वेढे मोजत रिकाम्या रिळावर उतरवली, आकडा पाटीवर लिहिला, रीळ डबीत ठेवले आणि डबीवर बापाचे नाव घातले. ती डबी काचेच्या कपाटात जाईल. मग नव्या तारेचे टोक यंत्राला लावले.

"आता बोलू नका, मामा. मोजतोय."

मामांनी कप खाली ठेवला. बाकावरच्या कात्रीकडे खुणेनेच बोट केले, ती घेतली आणि तारा दाबायच्या डाव्या हाताची नखे एकेक करून कापू लागले.