मुलाखतीला बसलेली चादर

मित्रांनो, संगणक कंपन्यांच्या मुलाखतींबद्दल काही विचारायचं असेल, तर मला विचारा. मी एक जुनी चादर आहे. रंग फिका निळा, जन्म मालेगावच्या मागावरचा, मुक्काम नाशिकला पंचवटीत, शामसुंदर गुरुजींच्या घरी. शिक्षण शून्य. पण कंपन्यांच्या मोठमोठ्या साहेबांसमोर मी जितक्या वेळा ताठ उभी राहिले आहे, तितक्या वेळा आमच्या गल्लीतलं कुणी राहिलेलं नाही.

तरुणपणी मी पाहुण्यांची चादर होते. गुरुजींकडे विधींसाठी लांबून यजमान येत, एखादा मुक्काम करत, आणि त्यांच्यासाठी ट्रंकेतून मला बाहेर काढलं जाई. किती मऊ आहे, असं बायका म्हणत, तेव्हा मी मनातल्या मनात फुलून जाई. मग कुणाच्या तरी बाळाने माझ्या कोपऱ्यावर वरणाची वाटी उपडी केली. हळदीचा डाग काही निघाला नाही. माझी रवानगी माळ्यावर झाली, गव्हाची कोठी झाकायला. तिथल्या उंदरांनी मला काय काय ऐकवलं, ते मुलांसमोर सांगण्यासारखं नाही.

गुरुजींची मुलगी यशश्री इंजिनिअर झाली आणि माझं नशीब उघडलं. हल्ली मुलाखती घरबसल्या होतात, लॅपटॉपवर. आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत गुरुजींचे विधी चालत आणि नेटही नेमकं तिथेच येई. सोवळ्याची दोरी, समिधांच्या जुड्या आणि हात जोडून बसलेले यजमान साहेबांना दिसू नयेत, म्हणून खोलीच्या मधोमध मला टांगण्यात आलं. डाग कपाटामागे दडवला. पंख्याच्या वाऱ्याने मी हलू नये म्हणून खालच्या काठावर दोन नारळ ठेवले. मुलीमागे छान निळी भिंत आहे, असं साहेबांना वाटावं, ही माझी जबाबदारी.

आता अशा मुलाखतीत काय होतं ते नीट ऐका. आधी म्हणतात, स्वतःबद्दल सांगा. इथे जन्मापासून सुरुवात करायची नसते. यशश्रीने पहिल्या मुलाखतीत तशी केली, आणि ती दहावीपर्यंत पोहोचेतो साहेबांचा चहा पिऊन झाला. शेवटी विचारतात, तुम्हाला आम्हाला काही विचारायचं आहे का? ती अगदी नम्रपणे नाही म्हणाली. साहेबांनीही मग तितक्याच नम्रपणे नाही कळवलं.

दुसऱ्या कंपनीने प्रोग्राम लिहायला दिला. यशश्रीची सवय अशी, की विचार करताना ती एकदम गप्प होते. पूजा चालू असताना बोलायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. ती इतकी स्तब्ध बसली, की चित्र अडकलं असं समजून साहेब बिचारे आपलंच नेट तपासत राहिले. उत्तर बरोबर आलं, नोकरी मात्र आली नाही. नंतर कळलं, की त्यांना उत्तराइतकाच आपला विचारही ऐकायचा असतो. जे मनात चाललंय ते बोलत बोलत लिहायचं असतं. मग ती रोज माझ्याकडे तोंड करून बडबडत प्रोग्राम लिहू लागली. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मी तिला एकदाही मध्ये तोडलं नाही.

तिसरी मुलाखत ठरली तेव्हा तिने आईला सांगून टाकलं, की ही गेली तर सातपूरच्या एका कारखान्यात हजेरी भरायची नोकरी धरणार आणि प्रोग्रामचं नाव पुन्हा काढणार नाही. ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

मुलाखत घेणाऱ्या तेजस्विनी मॅडम पुण्याच्या. ग्राहकांच्या यादीतून गावाप्रमाणे गट पाडायचे, असा प्रश्न होता. यशश्री बोलत बोलत छान लिहीत होती. तेवढ्यात मॅडमनी विचारलं, की एखाद्याने गावच लिहिलं नसेल तर? प्रोग्राम तिथे अडत होता. यशश्री गप्प झाली. तीच जुनी सवय. बोल गं बाई, काहीतरी बोल, असं मला ओरडावंसं वाटलं.

माझ्या पाठीमागे नामपूरचे खंडेराव आणि त्यांच्या पत्नी मालनबाई विधीला बसले होते. तिकडून गुरुजींचा खणखणीत आवाज आला. "गोत्र माहीत नसलं तर काश्यप म्हणा. कार्य अडत नाही."

यशश्रीचे डोळे चमकले. "रिकाम्या जागी आपणच एक ठरलेलं नाव घालायचं," ती म्हणाली. "म्हणजे काम अडणार नाही."

मॅडमचा चेहरा बदलला. हल्ली मागे बसून उत्तरं पुरवणारे पुष्कळ झालेत. त्या इंग्रजी सोडून मराठीत आल्या. "यशश्री, तुमच्या मागे कोण आहे?"

"माझे बाबा. ते मला नाही, यजमानांना सांगतायत." मग तीच पुढे म्हणाली, "पण मला सुचलं, ते त्यांचं ऐकूनच."

एवढं खरं कोण सांगतं हो? गेली नोकरी, असं मी धरूनच चालले.

"ती चादर काढा," मॅडम म्हणाल्या.

नारळ गडगडले आणि मी जमिनीवर आले, तीही डाग वर करून. सगळं घर साहेबी पडद्यावर उघडं पडलं. गुरुजी ताम्हनासमोर पळी हातात धरून बसलेले. खंडेरावांच्या तळहातावर संकल्पाचं पाणी.

मॅडमनी पुढचा प्रश्न टाकला. एकाच गावाचं नाव लोकांनी वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलं असेल तर? यशश्रीने एक श्वास घेतला आणि सगळ्यांच्या देखत बोलत बोलत लिहायला लागली. चुकली, तेही बोलली, आणि दुरुस्त केलं. तोवर खंडेरावांचा हात थरथरायला लागला होता, कारण पाणी सोडा म्हणून गुरुजींनी सांगितलंच नव्हतं.

"छान," मॅडम म्हणाल्या. "आता गुरुजी, त्या काकांना पाणी सोडायला सांगा."

लॅपटॉप बंद झाल्यावर यशश्री मालनबाईंची माफी मागायला गेली. त्या म्हणाल्या, "अगं, गुरुजी पयल्यापासून कुजबुजतच व्हते. म्हणले, पलीकडे पोरीची मुलाखत हाय. ह्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मीच म्हणलं, मोठ्यानं सांगा."

यशश्री वडिलांकडे बघतच राहिली. आणि मी? गुरुजींचा आवाज आपणच अडवतो, अशी मला इतके महिने केवढी घमेंड होती. अहो, माझ्यातून माशीची भुणभुणसुद्धा आरपार जाते. ज्या आवाजावर त्यांचं घर चालत होतं, तो आवाज तेच गिळून बसत होते, प्रत्येक मुलाखतीला, कुणाला न सांगता.

आठवड्याने नोकरीचं पत्र आलं. मित्रांनो, चादरी धुताना फार आपटू नका, एवढं तर मी मागणारच. पण मुलाखतीला बसण्याआधी एकदा मागे वळून बघा, तुमच्यासाठी घरात कोण हळू बोलतंय ते.